उस्ता शहाताची फिरती बैठक आणि चार चंद्रकोरी

१

उस्ता शहाताचा अर्ज मारायला एकच कागद पुरेसा होता, आणि तो रविवारी सकाळी फायलीत येऊन बसला होता.

एनायतबाईंनी तो उभ्याउभ्याच वाचला. मग खुर्ची ओढून बसल्या आणि पुन्हा वाचला. कैरोच्या पेटंट कचेरीत यंत्रांचे अर्ज तपासण्यात त्यांची सत्तावीस वर्षं गेली होती. नव्या म्हणून आलेल्या शंभर वस्तूंतल्या नव्वद जुन्या निघतात, हे त्यांना ठाऊक होतं. पण ही वस्तू नवी होती. चार महिने जगभरचे आराखडे चाळून त्यांनी तशी खात्री करून घेतली होती.

कागदावर लिहिलं होतं: 'मी, हाज अब्दुल-बदी, निवृत्त भूगोल शिक्षक, लिहून देतो की दोन वर्षांपूर्वी शाबान महिन्याच्या एकोणतिसाव्या संध्याकाळी, मुकत्तम टेकडीच्या कड्यावर, उस्ता शहाता यांनी बनवलेल्या फिरत्या बैठकीवरच्या दुर्बिणीतून आम्ही चौघांनी रमजानची चंद्रकोर पाहिली. बैठक सर्वांनी हाताळली व वाखाणली.' खाली सही. कागद पाठवला होता शफीक बे यांच्या भिंगांच्या कंपनीने, अर्जाला हरकत म्हणून.

उस्ताचा अर्ज दाखल झाला होता त्या संध्याकाळनंतर चाळीस दिवसांनी. आणि कायदा सरळ होता. अर्जाआधी जी वस्तू चारचौघांना दाखवली ती नवी राहिली नाही, मग दाखवणारा तिचा बनवणारा का असेना.

वरिष्ठ वगदी बे दारातूनच म्हणाले, "वाचलंत ना? गुरुवारी सुनावणी लावलीय. फेटाळा आणि मोकळ्या व्हा."

"हा कागद खोटा असला तर?"

"हाज अब्दुल-बदी खोटं बोलतो म्हणता?" वगदी बे हसले. "अहो बाई, रेडिओवर काय सांगायचं ते सांगू देत, दर्ब अल-अहमर वस्तीतली म्हातारी माणसं आधी हाजच्या तोंडाकडे बघतात. त्याने चंद्र दिसला म्हटलं की मगच त्यांच्या घरात रोज्याची तयारी. माझी सासू त्यातलीच. तुम्ही घरी येऊन तिला सांगा, हाज खोटारडा आहे म्हणून. मी बाहेर उभा राहतो."

एनायतबाईंनी खण उघडला, सूर्यफुलाच्या बियांची पुडी काढली आणि एकेक बी दातांनी फोडू लागल्या. कचेरीतल्या लोकांना एवढं पुरे. बाई बिया फोडायला लागल्या की फाईल लवकर मिटत नाही.

२

सोमवारी उस्ता शहाता आला तो बैठक फडक्यात बांधून घेऊनच. सत्तरीचा, बुटका माणूस; नावाआधीचं 'उस्ता' कसबी कारागिराला लावतात ते. बोटांत पितळेचा काळेपणा कायमचा मुरलेला. पन्नास वर्षं त्याने जमीनमोजणीची यंत्रं दुरुस्त केली होती, आणि त्या प्रत्येक यंत्रावर कुणा परदेशी कारखान्याचं नाव होतं.

"दाखवा," एनायतबाई म्हणाल्या.

त्याने खिडकीच्या दगडी कठड्यावर बैठक मांडली, तिच्यावर मोजणीची जुनी दुर्बीण बसवली आणि एका बोटाने ढकलली. दुर्बीण लोण्यातून सुरी जावी तशी वळली. बोट काढलं तिथेच थांबली.

"दुसऱ्या बैठका फिरवून सोडल्या की केसभर मागे येतात, बाई. दात्यांमधली ढिलाई असते ती. इथे केसभर, पण तिकडे दुर्बिणीत अख्खा मनोरा निसटतो. म्हणून मग पेच आवळत बसायचं. माझ्या बैठकीला दातेच नाहीत. पेचही नाही. खाली निमुळती खोबण आणि तीन पितळी पाय. वरचं वजनच तिला धरून ठेवतं."

"सुचलं कुठून?"

"आईच्या जात्यावरून. म्हातारी दळायची थांबली की जातं तिथल्या तिथे थांबायचं. लहानपणी मला वाटायचं, जातं तिला घाबरतं."

एनायतबाईंनी डोळा लावला. समोरच्या मशिदीचा मनोरा आभाळातून खाली लोंबत होता, टोकावरचं पितळी चंद्राचं चिन्ह तळाला.

"उलटं दिसतंय की हो."

"मोजणीच्या दुर्बिणी अशाच असतात. सुलटं करायचं तर आणखी भिंगं घालावी लागतात, ती उजेड खातात. सवय होते बाई. माझ्या बायकोला मी एकदा आमची गल्ली यातून दाखवली, तर ती म्हणाली, बरं झालं, तुझे मित्र एकदाचे पायावरून डोक्यावर आले."

बैठकीच्या पितळी कड्यावर बोटभर जागा कोरी ठेवली होती, घासून लखलखीत. एनायतबाईंनी तिच्यावर बोट फिरवलं.

"तिथं नाव यायचंय," उस्ता म्हणाला. "तुम्ही हो म्हणाल तेव्हा कोरीन. त्रेपन्नाव्या वर्षी लिहायला शिकलो मी. हाज अब्दुल-बदीने शिकवलं, मशिदीतल्या साक्षरतेच्या वर्गात. अर्जातलं सगळं वर्णन माझ्या हातचं आहे."

ते बाईंना माहीत होतं. शाळेच्या वहीसारखी मोठमोठी, ओळीवर काळजीपूर्वक बसवलेली अक्षरं. त्यांनी हाजचा कागद त्याच्यासमोर ठेवला.

उस्ताने तो बोट फिरवत वाचला. वाचायला वेळ लागला. सहीपाशी बोट थांबलं आणि तिथेच राहिलं.

"हे... हाजचंच अक्षर आहे."

"त्या संध्याकाळी तुम्ही कड्यावर होता?"

"होतो."

"आणि बैठक?"

"अर्ज देईपर्यंत कुणी पाहिली नाही. अल्लाची शपथ." त्याने कागद परत ढकलला. पण शपथ घेताना त्याने बाईंकडे पाहिलं नव्हतं, फडक्याच्या गाठीकडे पाहिलं होतं.

३

तपासनिसाने संध्याकाळी कुणाच्या घरी चहा प्यायला जाऊ नये असं कुठल्या नियमात लिहिलेलं नव्हतं. एनायतबाई त्याच दिवशी हाज अब्दुल-बदीच्या घरी पोचल्या.

हाज उंच, ताठ, सुती टोपीतला माणूस. पत्नी वारलेली. घरात नकाशे आणि पृथ्वीचा एक गोल. त्याने बाईंना भरपूर साखरेचा चहा दिला आणि विचारायच्या आधीच बोलू लागला.

"शहातासाठी आलात ना? कचेरीने मान दिला पाहिजे त्याला. त्याच्यासारखी बोटं या शहरात उरली नाहीत. मी लिहून दिलंय तसं."

"कुणाला लिहून दिलंत?"

"कंपनीतला एक तरुण आला होता. अदबशीर पोरगा. म्हणाला, उस्तांचा सत्कार करायचाय, त्यांच्या बैठकीबद्दल तुम्ही लोकांना सांगता तेवढंच दोन ओळीत द्या."

"म्हणजे लोकांना तुम्ही आधीपासून सांगत होता?"

"दोन वर्षं सांगतोय. नाव झालं पाहिजे ना त्याचं!"

बाईंनी चहाचा घोट घेतला. आपल्या त्या दोन ओळींनी काय होणार आहे याची या माणसाला कल्पना नव्हती. सांगायचं त्यांच्या ओठांवर आलं. पण साक्षीदाराला आधीच सांगितलं तर गुरुवारी त्याच्या शब्दाला किंमत राहणार नाही. त्यांनी विषय बदलला.

"चंद्रकोरीची वही ठेवता म्हणे तुम्ही."

हाजचा चेहरा खुलला. त्याने कपाटातून लांबट वही काढली. एकतीस वर्षांची. प्रत्येक पानावर त्या त्या संध्याकाळचे साक्षीदार, प्रत्येकाचं नाव आणि त्याने स्वतः काढलेली चंद्रकोर.

"माझा नियम कडक आहे. दिसली रे दिसली की वहीकडे यायचं, कशी दिसली ते कुणाशी बोलायचं नाही, शेजाऱ्याचं चित्र झाकलेलं. जसं दिसलं तसं काढायचं. मनाने सुधारायचं नाही. कोर कुठे कलली, शिंगं कुणीकडे, सगळं. चार जणांची चित्रं जुळली तर साक्ष खरी. माझा सख्खा भाऊ एकदा शिंगं भलतीकडे काढून बसला. त्याला मी तिथेच वहीतून खोडला. वर्षभर बोलत नव्हता माझ्याशी."

त्या संध्याकाळचं पान निघालं. चार चित्रं. चारही चंद्रकोरी पाठीवर पडलेल्या, शिंगं वर, नाईलवरच्या होड्यांसारख्या. पहिलं चित्र हाजचं, पाचवं नव्हतं. एनायतबाईंनी चारही आपल्या टिपणवहीत उतरवून घेतली. पानं मागे उलटताना त्यांना एक वेगळंच पान दिसलं.

"इथे वही उलटी धरली होती का कुणी?"

"ते? ते विद्यापीठातले लोक आले होते त्या वर्षी," हाज म्हणाला आणि वही मिटली. "अजून एक चहा घ्याच. शहाताचं काम करताय म्हणजे तुम्ही माझ्या घरच्या झालात."

दारापर्यंत पोचवताना तो पुन्हा म्हणाला, "शहाताला सांगा, मान खाली घालू नको म्हणावं."

४

कड्यावर उम्म दुन्या चहाची किटली घेऊन बसते. तीस वर्षं त्याच दगडाशेजारी. हाजच्या घरून थेट वर आलेल्या एनायतबाईंनी विचारल्यावर तिने आधी त्यांना पायापासून डोक्यापर्यंत पाहून घेतलं.

"दोन वर्षांपूर्वीची? ती कशी विसरेन! बोटं गोठायची थंडी होती. त्या संध्याकाळी माझ्याकडे रताळी होती भाजलेली, सगळी खपली. चंद्र लगेच दिसला. हाज ओरडला, मग बाकीचे."

"दुर्बीण होती?"

"दुर्बीण मी पाहिली नाही. माझं लक्ष शेगडीकडे. पण उस्ता शहाता बोचकं घेऊन आला होता. चढ चढताना धापा टाकत होता बिचारा. मी म्हटलं, काय रे, बायकोला उचलून आणलंस का? तर हसला पण नाही. जड होतं. असं छातीशी धरलेलं, तान्हं मूल धरावं तसं."

"त्यात काय होतं?"

"लोखंडच असणार, दुसरं काय? त्याच्याकडे असतंच काय दुसरं?"

एनायतबाईंचा चहा हातातच गार झाला. उस्ताने त्यांच्यापासून बोचकं लपवलं होतं. खाली शहरात दिवे लागत होते आणि त्या कागदातला शब्द न् शब्द खरा वाटू लागला होता.

५

मंगळवारी त्या थेट उस्ताच्या दुकानात गेल्या. गल्ली इतकी अरुंद की समोरच्या तंबूवाल्याचा कापडाचा तागा उस्ताच्या उंबऱ्यावर येत होता.

"बोचक्यात काय होतं, उस्ता?"

तो लेथवरून हळूच बाजूला झाला. हात पुसले. पुसून झाल्यावरही पुसत राहिला.

"बैठक होती."

"मग शपथ?"

"शपथ खरी आहे. कुणी पाहिली नाही. बोचकं सोडलंच नाही मी." तो स्टुलावर बसला. "आदल्या आठवड्यात झाली होती पुरी. म्हटलं, हाजला दाखवू. आधी त्यालाच. त्याच्यामुळे तर आकडे वाचता येतात मला. पण वर पोचतोय तोच हाज ओरडला, दिसली! मग ती तिघं. चौघांची चित्रं जुळली. सगळे नमाजाला उभे राहिले."

"नंतर सोडायचं होतं."

"कसं सोडू, बाई? चार माणसांनी डोळ्यांनी पाहून साक्ष दिली. तिथं मी यंत्र काढून बसलो तर त्याचा अर्थ काय होतो? थांबा, तुम्ही म्हणता पण मला खात्री करू दे, असा होतो. हाजच्या तोंडावर! आमच्यात असं करत नाहीत. घेतलं बोचकं आणि उतरलो खाली."

"मला सोमवारीच का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर विश्वास ठेवला असतात? बैठक वर नेली, पण दाखवली नाही. माझा मीच ठेवला नसता." त्याने हात पुन्हा पुसले. "हाजने असं का लिहिलं असेल? मी त्याचं काय वाईट केलं?"

सत्काराची गोष्ट एनायतबाईंना सुनावणीआधी त्यालाही सांगता येत नव्हती. एका बाजूला अख्ख्या वस्तीचा विश्वास असलेला माणूस, दुसऱ्या बाजूला बोचकं लपवणारा. गुरुवारी कुणाचं ऐकलं जाईल हे उघड होतं.

६

बुधवारी दुपारी वगदी बे वालांच्या उसळीची वाटी, भाकरी आणि कांदा घेऊन त्यांच्या टेबलापाशी समोरच्या बाजूला बसले. टिपणवही मध्ये उघडी पडली होती.

"लिहिलात का निकाल?"

"विचार करतेय."

"विचार कसला, चित्रं काढताय की." त्यांनी भाकरीच्या तुकड्याने वहीकडे बोट दाखवलं. "छत्र्या कशाला काढल्यात चार?"

"छत्र्या नाहीत त्या. होड्या..."

बाई थांबल्या. वगदी बे समोर बसले होते. त्यांच्या बाजूने वही उलटी होती.

एनायतबाई उठल्या, खिडकीपाशी गेल्या. बाहेर मशिदीचा मनोरा आपल्या जागेवर सरळ उभा होता. त्या बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिल्या.

"काय झालं?" वगदी बेंनी घास थांबवला.

"वगदी बे, तुमच्या सासूबाईंना सांगा, हाजचा चंद्र शंभर टक्के खरा आहे." त्या वळल्या. "आणि हाजला आजच निरोप पाठवा. उद्या येताना वही घेऊन या म्हणावं. एकतीस वर्षांची, अख्खी."

७

गुरुवारी खोलीत पाच जण होते. वगदी बे अध्यक्षांच्या खुर्चीत. एका बाजूला शफीक बे, उंची कोट, बोलण्यात मध. दुसऱ्या बाजूला उस्ता, मांडीवर बोचकं. मधे हाज, वही छातीशी. त्याने उस्ताकडे पाहून हात उंचावला. उस्ताने मान फिरवली, आणि हाजचा हात तसाच हवेत राहिला.

"हाज," एनायतबाई म्हणाल्या, "हे तुमचं लिहिणं ना? दुर्बिणीतून पाहिलंत चौघांनी?"

"हो."

"बैठक हाताळलीत?"

"हो," हाज म्हणाला, पण हळू.

"तुम्हाला माहीत असावं म्हणून सांगते. तुमचा हा कागद खरा असेल तर उस्ता शहाताचा अर्ज आज फेटाळला जाईल. अर्जाआधी वस्तू लोकांना दाखवली असा तो पुरावा आहे. मग ती कुणीही बनवावी. शफीक बे बनवणारच आहेत."

हाजने आधी बाईंकडे, मग शफीक बेकडे पाहिलं. "पण... तो पोरगा म्हणाला सत्कार..."

"कायद्यापुढे हेतूचा प्रश्न येत नाही, हाजसाहेब," शफीक बे गोड आवाजात म्हणाले. "आपण खरं तेच लिहिलंत, एवढंच महत्त्वाचं."

"तेच बघू या," बाई म्हणाल्या. "उस्ता, मांडा."

उस्ताने बोचकं सोडलं, खिडकीत बैठक ठेवली, दुर्बीण चढवली. बाईंनी शफीक बेंना डोळा लावायला सांगितला.

"मनोरा उलटा दिसतोय. त्याचं काय?"

"आता वही." त्यांनी ते पान उघडून सगळ्यांसमोर धरलं. "चार माणसं, चार चित्रं. शिंगं वर. हिवाळ्यात आपल्याकडे कोर अशीच दिसते, पाठीवर पडलेली. नुसत्या डोळ्यांनी. या दुर्बिणीतून ती पालथी दिसली असती, शिंगं खाली. छत्रीसारखी. चौघांपैकी एकाने तरी छत्री काढायला हवी होती."

शफीक बे हसले. "बाई, माणूस काही खुळा नसतो. उलटं दिसलं तरी मनात सुलटं करून काढतो."

"इतर ठिकाणी काढत असेल. हाजच्या वहीत नाही." बाईंनी पानं मागे नेली. "सात वर्षांपूर्वी विद्यापीठाची दुर्बीण आली होती. हे पान. हेच हाज, यांतलेच दोन साक्षीदार. बघा. सगळ्या छत्र्या. कारण नियम असा की दिसलं तसं काढायचं, मनाने सुधारायचं नाही. त्यासाठी यांनी सख्ख्या भावाला वहीतून खोडलंय."

हाज खाली बघत होता.

"योगायोग असू शकतो," शफीक बे म्हणाले, आता मध जरा कमी झाला होता. "सही तर यांची आहे."

"हाज, एकच विनंती. तुम्ही ती हाताळलीय. जरा दुर्बीण डावीकडे वळवून दाखवता?"

हाज उठला. बैठकीपाशी गेला. त्याचा उंच देह वाकला आणि उजवा हात सवयीने कड्याखाली गेला, सैल करायचा पेच शोधत. बोटं एका बाजूने फिरली, दुसऱ्या बाजूने फिरली. तिथे पेच नव्हता. उस्ता शहाताच्या बैठकीला पेच नसतोच. विद्यापीठाच्या बैठकीला होता.

बोटं थांबली. हाज तसाच वाकलेला राहिला.

"मी हिला आज पहिल्यांदा हात लावतोय," तो म्हणाला.

शफीक बे काही बोलणार होते. वगदी बेंनी हात वर केला. "बोलू द्या त्यांना."

हाज सरळ झाला. तो उस्ताशी बोलू लागला, बाकी कुणी खोलीत नसल्यासारखा. "त्या संध्याकाळी नमाज संपला आणि मी मागे पाहिलं. तू उतरत होतास. बोचकं तसंच बांधलेलं. मला कळलं त्यात काय आहे ते. आदल्या आठवड्यात तू विचारलं होतंस ना, वर्तुळाचे भाग कसे पाडायचे म्हणून? मला हाक मारायला हवी होती तुला. म्हणायला हवं होतं, सोड रे, बघू काय आणलंयस. पण कोर मी आधी पाहिली होती, सगळे माझे हात हातात घेत होते. ते मला सुखाचं वाटत होतं. मी हाक मारली नाही."

"हाज, जाऊ दे," उस्ता पुटपुटला.

"जाऊ दे काय? तुझी ती पाठ मला दोन वर्षं दिसतेय. मग मी ठरवलं, निदान नाव तरी देऊ. सांगायला लागलो, शहाताच्या बैठकीवरून दिसली. एकदा सांगितलं, दहादा सांगितलं. शेवटी सही करताना मला ते खरंच वाटत होतं." तो शफीक बेकडे वळला. "आणि तुमचा तो पोरगा माझ्या घरचे दोन ग्लास चहा प्यायला. वर पुदिना मागून घेतला. मी त्याला दारापर्यंत पोचवायला गेलो हो!"

शफीक बेंनी कोटाचं बटण लावलं. "माझ्या माणसाने जे सांगितलं गेलं तेच लिहून घेतलं."

"हो," बाई म्हणाल्या. "कशासाठी ते तेवढं सांगायचं राहिलं."

हाजने कागद मागितला. उभ्याउभ्याच लिहिलं, मुलांना फळ्यावर लिहून दाखवावं तशा स्वच्छ अक्षरात: माझं आधीचं लिहिणं चूक आहे, बैठक मी आजपर्यंत पाहिली नव्हती. सही केली. मग वही टेबलावर ठेवली. "ही आता दुसऱ्या कुणाकडे द्या. ज्याने एकदा न पाहिलेलं पाहिलं म्हटलं त्याच्याकडे वही नको."

एनायतबाईंनी वही उचलून त्याच्या हातात परत ठेवली. "तुम्ही दुर्बिणीबद्दल खोटं बोललात, हाज. चंद्राबद्दल नाही. या चार होड्यांनीच आज ते सिद्ध केलं. वस्तीने काय करायचं ते वस्ती बघेल, वही तुमचीच आहे."

वगदी बेंनी घसा साफ केला. "हरकत फेटाळली. उस्ता, तुमचा अर्ज पुढे जाईल." आणि मग बाईंकडे झुकून हळूच, "सासूला मी काय सांगू ते तेवढं लिहून द्या."

८

पुढच्या शाबानच्या एकोणतीस तारखेला एनायतबाईंना बोलावणं आलं. कड्यावर नेहमीपेक्षा जास्त माणसं होती. हाजची हकीकत त्याने स्वतःच मशिदीत सगळ्यांना सांगितली होती. काही लोक त्याच्याशी अजून नीट बोलत नव्हते. बरेचसे मात्र आले होते.

त्या दिवशी पश्चिमेला धूळ होती. सूर्य पिवळसर होऊन बुडाला. लोक डोळ्यांवर हात धरून बघत राहिले. कुणालाच काही दिसेना.

हाज मागे वळला. उस्ता शहाता उम्म दुन्याच्या दगडाशेजारी उभा होता, बोचकं छातीशी.

"शहाता! सोड रे ते. बघू काय आणलंयस."

"सोड बाबा एकदाचं," उम्म दुन्या म्हणाली. "तीन वर्षांचं झालं ते पोर, चालायला तरी शिकव."

उस्ताने गाठ सोडली. बैठक सपाट दगडावर बसली. पितळी कड्यावरची कोरी जागा आता कोरी नव्हती. तिथे मोठ्या, काळजीपूर्वक ओळीवर बसवलेल्या अक्षरांत 'शहाता' कोरलेलं होतं, शेवटचं अक्षर जागा कमी पडल्याने किंचित दाटलेलं. त्याने दुर्बीण क्षितिजावर हळूहळू फिरवत नेली, थांबवली, बोट काढलं. ती हलली नाही.

त्याने पाहिलं. काही न बोलता वहीकडे गेला आणि चित्र काढलं. मग दोघं गेले. मग हाजने एनायतबाईंना पुढे केलं. त्यांनी डोळा लावला. धुळीच्या मागे केसाएवढी एक रेघ होती, शिंगं खाली टाकलेली.

हाज शेवटी गेला. त्या वर्षी त्याने पहिली साक्ष आपणहून सोडली होती. तो बराच वेळ दुर्बिणीपाशी वाकून होता. मग वहीशी आला, बाकीच्यांची चित्रं तळहाताने झाकली आणि आपली छत्री काढली. हात उचलून पाहिलं. पाचही जुळत होत्या.

त्याने पेन्सिल खाली ठेवली नाही. चित्राखाली एक ओळ लिहिली आणि उस्ताला वाचायला दिली. उस्ताने बोट फिरवत, अक्षर अक्षर लावत, मोठ्याने वाचली:

"उस्ता शहाताच्या बैठकीवरून पाहिली."